सरकारचं प्रतिजैविक धोरण कसं तपासायचं: राजपत्रापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत

१ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मेरोपेनेम ही प्रतिजैविकं (अँटिबायोटिक) विकणाऱ्या औषध दुकानदाराला एक वेगळी नोंदवही ठेवावी लागते. तीत डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेले नग लिहायचे आणि ती वही तीन वर्षं जपायची. हा शेड्यूल एच-१ चा, म्हणजे औषध नियमांतल्या एका खास यादीचा नियम. तो चालला की फसला यावर मतं भरपूर आहेत, पण मत बनवण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, हे सहसा कुणी लिहीत नाही. लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ साली भारतात सुमारे २.९७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. एवढ्या मोठ्या प्रश्नावरचं धोरण फक्त घोषणा वाचून मोजता येत नाही.

पत्रकार, फार्मसी आणि वैद्यकीय विद्यार्थी, ग्राहक संघटना, रुग्णालयांच्या संसर्ग नियंत्रण समित्या यांना ही पद्धत वापरता येईल. तिचा गाभा एवढाच: धोरणाचा परिणाम पाच टप्प्यांतून जातो. कागद, कायद्याचं बळ, जागेवरचा अंमल, औषधाचा प्रत्यक्ष वापर आणि शेवटी जिवाणूंमधला प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणं. पहिल्या टप्प्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारली की निष्कर्ष हमखास चुकतो. प्रत्येक टप्पा वेगळा तपासायचा आणि साखळी नेमकी कुठे तुटते ते शोधायचं.

आधी एकच धोरण, एकच प्रश्न

'भारताचं प्रतिजैविक धोरण' असा विषय घेऊ नका. २०११ चं राष्ट्रीय धोरण, २०१४ पासूनचं शेड्यूल एच-१, २०१६ ची औषधाच्या पट्टीवरच्या लाल रेषेची मोहीम, १९ एप्रिल २०१७ रोजी जाहीर झालेला राष्ट्रीय कृती आराखडा, २०१९ ची पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकावरची बंदी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी आलेला २०२५-२९ चा नवा आराखडा या सगळ्यांची साधनं वेगळी, जबाबदार खाती वेगळी आणि परिणाम दिसायला लागणारा काळही वेगळा.

प्रश्न असा मांडा की त्याला आकड्यात उत्तर देता येईल. 'एच-१ मुळे चिठ्ठीशिवाय विक्री थांबली का?' हा प्रश्न मोठा आहे. 'एच-१ यादीतल्या औषधांची दरमहा विक्री मार्च २०१४ नंतर आधीच्या कलापेक्षा बदलली का, आणि यादीबाहेरच्या औषधांची वाढली का?' हा प्रश्न हातात मावतो.

कागद वाचताना: पाच रकाने

आराखड्यातली प्रत्येक कृती एका तक्त्यात उतरवून घ्या. रकाने पाच: काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत, कोणत्या पैशातून, आणि झालं हे कशावरून कळणार. जिथे रकाना रिकामा, तिथे 'रिकामा' असंच लिहा. स्वतःच्या अंदाजाने भरू नका.

२०१७-२१ च्या आराखड्यात सहा प्राधान्यक्षेत्रं होती: जनजागृती, देखरेख, संसर्ग प्रतिबंध, योग्य वापर, संशोधन आणि भारताचं नेतृत्व. कागद म्हणून तो सविस्तर होता. पण तक्ता भरायला बसलात की चौथा रकाना रिकामा राहत जातो. त्याचं कारण रचनेतच आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या यादीतला विषय. औषध दुकानं तपासणारी यंत्रणाही राज्याची, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन. केंद्राच्या आराखड्याला राज्याचा आराखडा आणि राज्याच्या अर्थसंकल्पातलं शीर्ष जोडलेलं नसेल तर तो तालुक्यापर्यंत उतरत नाही. केरळने ऑक्टोबर २०१८ मध्ये, मध्य प्रदेशाने २०१९ मध्ये आपले आराखडे काढले, पण २०१७-२१ च्या मुदतीत अशी राज्यं मोजकीच निघाली. म्हणून राज्याच्या पातळीवर मूल्यमापन करताना पहिला प्रश्न हाच: राज्याचा स्वतंत्र आराखडा आहे का, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद दिसते का? नव्या आराखड्यालाही हेच पाच रकाने लावा.

अंतिम कागदाइतकाच त्याचा मसुदाही महत्त्वाचा. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे किती अंश चालतील याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या नव्हत्या. ज्या देशात हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं २००७ मध्येच प्रसिद्ध झालं, तिथे ही गळती साधी नाही. केवळ अंतिम नियम वाचणाऱ्याला ती दिसतही नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून काय गळलं त्याची यादी करा.

कायद्याचं बळ: कोण कुणाला काय करू शकतं

इथे फार वेळ लागत नाही, पण हा टप्पा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. प्रत्येक उपायापुढे लिहा: हा कायदा आहे, नियम आहे, की विनंती?

जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहिलं की प्रतिजैविक लिहिताना चिठ्ठीवर कारणही लिहावं. कल्पना उत्तम, पण ती विनंती आहे. न पाळणाऱ्याला दंड नाही, त्यामुळे 'अंमलबजावणी' मोजायचा प्रश्नच येत नाही; मोजायचं असेल तर चिठ्ठ्यांचा नमुना घेऊन किती जणांनी ते ऐकलं एवढंच. पट्टीवरची लाल रेषा लोकांना ओळख पटावी म्हणून आहे. ती विक्री अडवत नाही. उलट कोलिस्टिनची बंदी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६-अ खाली आहे, म्हणजे मोडल्यास गुन्हा.

यादीत काय नाही हेही पाहा. एच-१ च्या २०१३ च्या मूळ यादीत ४६ औषधं होती, त्यात २४ प्रतिजैविकं. क्षयरोगाची औषधं आणि झोपेच्या गोळ्या वेगळ्या. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स (सेफिक्झिमसारखी) आणि कार्बापेनेम्स (मेरोपेनेमसारखी) त्यात आली. पण अझिथ्रोमायसिन नव्हतं, सिप्रोफ्लॉक्सासिन नव्हतं, आणि अखेरचा उपाय म्हणून वापरलं जाणारं कोलिस्टिनही नव्हतं. ही औषधं शेड्यूल एच खाली आहेत, म्हणजे चिठ्ठी लागतेच, पण वेगळी वही लागत नाही. दुकानदाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. वही लिहायची नसेल तर अझिथ्रोमायसिन देणं सोपं. पुढे वापराचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

अंमल: माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कसा लिहायचा

दुकानात खोटा रुग्ण पाठवून पाहण्याचा मोह होतो. संशोधनात ही पद्धत वापरतात, पण नैतिकता समितीच्या मंजुरीने आणि ठरवून काढलेल्या नमुन्यावर. चार दुकानांत जाऊन 'सगळीकडे सर्रास मिळतं' असं लिहिणं म्हणजे मूल्यमापन नव्हे. सामान्य नागरिकाच्या हातात त्याहून भक्कम साधन आहे.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ऑनलाइनही करता येतो. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याला असा मजकूर पाठवा:

'विषय: शेड्यूल एच-१ संदर्भात किरकोळ औषध दुकानांची तपासणी, पुणे जिल्हा. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. आर्थिक वर्षनिहाय पुढील माहिती मिळावी. (१) चालू किरकोळ विक्री परवान्यांची संख्या. (२) तपासणी झालेल्या दुकानांची संख्या. (३) एच-१ नोंदवहीत त्रुटी आढळलेल्या दुकानांची संख्या. (४) चिठ्ठीशिवाय विक्रीबद्दल दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, निलंबित परवाने व निलंबनाचे दिवस, रद्द परवाने आणि दाखल खटले यांची स्वतंत्र संख्या. (५) औषध निरीक्षकांची मंजूर व भरलेली पदे.'

'कारवाई का केली नाही' असं विचारू नका. कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते. कारणं आणि मतं मागितली की अर्ज तिथेच अडतो. नोंदवहीच्या प्रतीही मागू नका. तीत रुग्णांची नावं असतात आणि ती उघड होऊ नयेत हे योग्यच आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'ही माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. तो स्वतःच एक निष्कर्ष आहे: एच-१ चं पालन किती होतं याची एकत्र नोंद त्या कार्यालयाकडे नाही.

आकडे आले की दोन भागाकार करा. तपासलेली दुकानं भागिले एकूण दुकानं, म्हणजे तपासणीचा आवाका. त्रुटी सापडलेली दुकानं भागिले तपासलेली दुकानं, म्हणजे त्रुटींचं प्रमाण. दुसरा आकडा वाचताना घाई नको. त्रुटींचं प्रमाण वाढलं म्हणजे दुकानदार बिघडले असं नाही. निरीक्षक वही उघडून पाहायला लागले असंही असू शकतं. आणि प्रमाण शून्याच्या जवळ असेल तर संशय घ्या, कारण तपासणीच्या फॉर्ममध्ये एच-१ वही हा स्वतंत्र मुद्दा आहे की नाही हे आधी कळायला हवं. तिसरी गोष्ट निरीक्षकांची पदं. परवान्यांच्या संख्येला भरलेल्या पदांनी भागलं की एका निरीक्षकाच्या वाट्याला किती दुकानं येतात ते दिसतं. बहुतेक वेळा साखळी तुटण्याची पहिली जागा हीच असते.

वापर मोजताना गोळ्या मोजू नका, रुपये तर मुळीच नाही

हा सगळ्यात कामाचा टप्पा आहे आणि इथेच सर्वाधिक चुका होतात.

जगभर वापरलं जाणारं एकक म्हणजे डीडीडी, एका प्रौढ माणसाची ठरावीक दैनिक मात्रा. जागतिक आरोग्य संघटना ती प्रत्येक औषधासाठी ठरवते. तोंडाने घ्यायच्या अझिथ्रोमायसिनची ०.३ ग्रॅम, अमॉक्सिसिलिनची १.५ ग्रॅम, सेफिक्झिमची ०.४ ग्रॅम. आता हिशोब करून पाहू. एका तालुक्यात महिन्याला अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्यांच्या १,००० पट्ट्या खपल्या आणि अमॉक्सिसिलिन ५०० च्या दहा कॅप्सूलच्या १,००० पट्ट्या. नग मोजले तर ३,००० विरुद्ध १०,०००, म्हणजे अमॉक्सिसिलिन तिपटीहून जास्त. डीडीडी काढा: अझिथ्रोमायसिन १,००० × ३ × ०.५ म्हणजे १,५०० ग्रॅम, भागिले ०.३, म्हणजे ५,०००. अमॉक्सिसिलिन १,००० × १० × ०.५ म्हणजे ५,००० ग्रॅम, भागिले १.५, म्हणजे साधारण ३,३३३. चित्र उलटलं.

इथे एक खड्डा आहे. अमॉक्सिसिलिनची तोंडी डीडीडी २०१९ मध्ये १ ग्रॅमवरून १.५ ग्रॅम झाली. २०१९ आधीचे आकडे जुन्या मात्रेने आणि नंतरचे नव्या मात्रेने काढले असतील तर विक्री तेवढीच असूनही वापर एक तृतीयांशाने घटलेला दिसेल. पूर्ण मालिका एकाच मात्रेने पुन्हा काढा. मुलांची सिरप डीडीडीत कमी मोजली जातात, कारण एकक प्रौढांचं आहे; बालरोग विभागासाठी हे माप वापरू नका.

रुपयांतली विक्री वापराचं माप म्हणून घेऊ नका. केरळच्या आरोग्य खात्याने चिठ्ठीशिवायची विक्री रोखण्याच्या मोहिमेनंतर प्रतिजैविकांचा वापर २० ते ३० टक्क्यांनी घटला आणि विक्री सुमारे १,००० कोटी रुपयांनी कमी झाली असं सांगितलं. जानेवारी २०२४ मधलं 'ऑपरेशन अमृत', अचानक तपासण्या, राज्याचा स्वतःचा अँटिबायोग्राम (कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देतो याचा तक्ता) हे सगळं पाहता केरळचं काम देशात पुढे आहे याबद्दल दुमत नसावं. तरीही तपासणाऱ्याने विचारलंच पाहिजे: हे रुपये कोणत्या किमतीचे? किंमत नियंत्रणाने एखाद्या औषधाची कमाल किंमत खाली आली तर एक गोळीही कमी न विकता रुपये घटतात. डीडीडीतले आकडे मिळाले तरच तो दावा पक्का होतो.

एकूण वापराबरोबर त्याचा पोत पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकं तीन गटांत मांडली आहेत: साध्या संसर्गांना पहिली पसंती असलेला 'अॅक्सेस' गट, जपून वापरायचा 'वॉच' गट आणि राखीव 'रिझर्व्ह' गट. भारतातल्या खासगी क्षेत्राच्या २०१९ च्या विक्रीवरच्या अभ्यासात दर हजार लोकांमागे दिवसाला १०.४ डीडीडी एवढा वापर निघाला. युरोपातल्या अनेक देशांपेक्षा हा कमी आहे. पण त्यात वॉच गटाचा वाटा ५४.९ टक्के आणि अॅक्सेसचा फक्त २७ टक्के होता, आणि सर्वाधिक खपाचं एक औषध अझिथ्रोमायसिन ५०० होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात जागतिक उद्दिष्ट ठरलं की २०३० पर्यंत माणसांसाठीच्या वापरात अॅक्सेस गट किमान ७० टक्के असावा.

म्हणून फक्त 'वापर किती कमी झाला' या एकाच आकड्यावर धोरणाला गुण देणं भारतात धोक्याचं आहे. एखाद्या पाड्यावर न्यूमोनिया झालेल्या बाळाला वेळेत अमॉक्सिसिलिन न मिळणं हेही धोरणाचंच अपयश. एकूण वापर तेवढाच राहिला आणि अॅक्सेसचा वाटा २७ वरून ४० टक्क्यांवर गेला, तर ते मोठं यश माना.

रुग्णालयांसाठी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं एका दिवसाचं सर्वेक्षण चांगला आधार आहे. २० मोठ्या रुग्णालयांतल्या ९,६५२ रुग्णांपैकी ७१.९ टक्के प्रतिजैविकावर होते, आणि त्यातलं ५५ टक्के लिहिणं उपचारासाठी नव्हे तर प्रतिबंधासाठी होतं. आपल्या रुग्णालयात एकच गोष्ट मोजायची असेल तर ही मोजा: शस्त्रक्रियेआधी दिलेला प्रतिबंधक डोस २४ तासांनंतरही किती रुग्णांत चालू ठेवला. केसपेपर आणि औषध तक्ता एवढ्यावर हे काम होतं, प्रयोगशाळा लागत नाही.

श्रेय धोरणाचं की आणखी कशाचं?

नियमाआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष एवढी तुलना पुरत नाही. पावसाळ्यात ताप वाढतात, हिवाळ्यात खोकला, आणि त्याबरोबर विक्रीही. किमान २४ महिने आधीचे आणि २४ महिने नंतरचे मासिक आकडे घ्या. एच-१ बाबत आणखी एक काळजी: अधिसूचना ३० ऑगस्ट २०१३ ची, अंमल १ मार्च २०१४ पासून. मधल्या सहा महिन्यांत कंपन्या आणि वितरक साठा हलवत असतात, त्यामुळे तो काळ आधीतही धरू नका आणि नंतरातही नाही.

तुलनेसाठी तीन रेषा काढा: यादीतली प्रतिजैविकं, यादीबाहेरची प्रतिजैविकं, आणि प्रतिजैविकांशी संबंध नसलेलं एक औषध, समजा रक्तदाबाचं. तिसरी रेषा बाजाराची एकूण वाढ दाखवते. पहिली खाली आणि दुसरी वर गेली तर नियमाने वापर कमी केला नाही, तो दुसऱ्या औषधाकडे वळवला. २०२० आणि २०२१ ही वर्षं कोणत्याही तुलनेत 'आधी' किंवा 'नंतर' म्हणून वापरू नका. कोविडच्या काळात अझिथ्रोमायसिन वारेमाप लिहिलं गेलं.

प्रतिरोधाचे आकडे शेवटी, आणि हात राखून

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रतिरोधावर देखरेख ठेवणाऱ्या जाळ्यात ई. कोलाय जिवाणूंची इमिपेनेमला (हेही कार्बापेनेम) दाद देण्याची टक्केवारी २०१७ मध्ये ८१ होती, २०२३ मध्ये ६२.७. आकडा गंभीर आहे. पण या जाळ्यात मोठी रुग्णालयं आहेत. तिथे बाहेर उपचार फसलेले रुग्ण येतात. गावातल्या साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गाला हा आकडा लावता येत नाही. परिषदेचं जाळं आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं जाळं यांचे आकडे एकत्रही करू नका.

एखाद्या जिल्हा रुग्णालयाचा अँटिबायोग्राम हाती आला तर चार गोष्टी तपासा. एका रुग्णाचा एकच, पहिला नमुना मोजला आहे का? नाहीतर अतिदक्षता विभागातला एक रुग्ण सहा वेळा मोजला जातो. त्या जिवाणूचे किमान ३० नमुने आहेत का? दहा नमुन्यांत एक कमी-जास्त झाला तर दहा टक्के हलतात. वॉर्ड, बाह्यरुग्ण आणि अतिदक्षता वेगवेगळे दाखवले आहेत का? आणि चाचणीचे निकष मध्येच बदलले का? सिप्रोफ्लॉक्सासिनचे निकष अमेरिकी मानकात २०१९ मध्ये कडक झाले. ज्या प्रयोगशाळेने ते त्यानंतर स्वीकारले, तिच्या अहवालात जिवाणू तेच असूनही प्रतिरोध उडी मारून वाढलेला दिसतो.

शिवाय वापर घटला तरी प्रतिरोध लगेच उतरत नाही. अनेक औषधांविरुद्धची जनुकं डीएनएच्या एकाच तुकड्यावर एकत्र फिरतात. एक औषध थांबवलं तरी दुसऱ्याच्या दबावाने ती टिकतात. दोन वर्षांत प्रतिरोध न घटणं हा धोरण फसल्याचा पुरावा होत नाही.

कोंबड्या, दूध आणि अंश

जुलै २०१९ च्या अधिसूचनेने खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत, कुक्कुटपालनात, मत्स्यशेतीत आणि पशुखाद्यात कोलिस्टिनवर बंदी आली. योग्य आणि धाडसी निर्णय. तो तपासताना अन्नसुरक्षा यंत्रणेच्या अंश चाचण्यांवर, म्हणजे अन्नात उरलेलं औषध शोधणाऱ्या चाचण्यांवर विसंबू नका. औषध थांबवून ठरलेले दिवस गेल्यावर कोंबडी कापली तर मांसात अंश सापडत नाही, पण त्या फार्मच्या विष्ठेत आणि मातीत तयार झालेले जिवाणू तसेच राहतात. अंश चाचणी ग्राहकाच्या ताटाबद्दल सांगते, फार्मवरच्या वापराबद्दल नाही. वापरासाठी प्रजातीनिहाय विक्रीचे आकडे लागतात. ते प्रसिद्ध होत नसतील तर तक्त्यात 'मोजता येत नाही' असं लिहा.

निकाल लिहिताना

पाचही टप्प्यांपुढे तीनच शेरे वापरा: दिसलं, दिसलं नाही, मोजता येत नाही. सरासरी काढून एक गुण देऊ नका. चांगला कागद आणि शून्य अंमल यांची बेरीज 'मध्यम' अशी निघते आणि खरी अडचण तिच्याखाली झाकली जाते. 'मोजता येत नाही' हा शेरा जिथे येईल तिथे कोणता आकडा कोणत्या खात्याने प्रसिद्ध करायला हवा ते एका वाक्यात लिहा. मागणी म्हणून पुढे नेण्यासारखं तेच असतं. सरकार जागतिक सर्वेक्षणात स्वतःला जे गुण देतं ते वेगळ्या रकान्यात, 'सरकारचं म्हणणं' या मथळ्याखाली ठेवा.

प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या तारखेला, कुठून मिळाला ते नोंदवा आणि माहिती अधिकाराच्या उत्तरांच्या प्रती जपून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये तोच अर्ज पाठवताना फक्त कालावधी बदला. प्रश्नाचे शब्द बदलले तर कार्यालय वेगळ्या नोंदी काढतं आणि दोन वर्षांची तुलना हातची जाते.